ब्रिटनमधील वैद्यकीय प्रवेशाची मुलाखत : घरच्या घरी तयारी कशी करून घ्यावी?

नाशिककर_लीड्स

नमस्कार. आमची मुलगी यंदा ए-लेव्हलच्या, म्हणजे बारावीच्या तोडीच्या, शेवटच्या वर्षाला असून तिने १५ ऑक्टोबरच्या मुदतीत यूकास या विद्यापीठ-प्रवेशाचे अर्ज घेणाऱ्या संस्थेमार्फत वैद्यकीय शिक्षणासाठी अर्ज केले आहेत. नियमाप्रमाणे चारच वैद्यकीय अभ्यासक्रमांसाठी अर्ज करता येतो. त्यांपैकी दोन विद्यापीठांची मुलाखतीची पत्रे आली असून दोन्हीकडे एमएमआय, म्हणजे एकापाठोपाठ एक छोट्या मुलाखती, अशी पद्धत आहे. यूकॅट या वैद्यकीय प्रवेशपूर्व चाचणीचा स्कोअर बरा आहे, शाळेने दिलेल्या अंदाजित श्रेणीही समाधानकारक आहेत, त्यामुळे आता सारे या मुलाखतींवर येऊन ठेपले आहे.

अडचण आमची आहे. मी आणि पत्नी दोघेही संगणकाच्या क्षेत्रातले. आमच्या वेळी बारावीच्या गुणांवर मेडिकलची यादी लागत असे, आणि आजही महाराष्ट्रात नीटचे गुण आणि सीईटी सेलच्या फेऱ्या यांवरच सगळे ठरते. ‘तुला डॉक्टर का व्हायचे आहे?’ असे प्रवेशाच्या वेळी कोणी विचारत नाही. त्यामुळे मुलीचे उत्तर चांगले की वाईट, हे आम्हाला सांगता येत नाही. तिने इंटरनेटवरून भरपूर प्रश्न जमवून त्यांची उत्तरे लिहून काढली आहेत आणि ती घडाघडा म्हणून दाखवते. ऐकायला सारे छान वाटते, पण ते तिचे बोलणे वाटत नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. या पद्धतीत नेमके काय तपासतात? बाहेर तयारीचे वर्ग चालतात आणि त्यांची फी काही शे पौंडांच्या घरात आहे, तो खर्च करावा का? आणि गेल्या उन्हाळ्यात मुलगी सांगलीला तिच्या मामाच्या हॉस्पिटलमध्ये राहून आली, तो अनुभव सांगावा की इथल्या लोकांना तो वशिल्याचा वाटेल?

वॉर्ड_राउंड

तुमचा प्रश्न नेमका आहे म्हणून सविस्तर लिहिते. माझे एमबीबीएस मुंबईचे. आता इथे एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, कन्सल्टंट (वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टर) आहे आणि गेली काही वर्षे अशा मुलाखतींमध्ये परीक्षक म्हणून बसते.

ही पद्धत कॅनडातल्या हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठात तयार झाली आणि २००४ मध्ये तिच्याविषयी प्रथम सविस्तर लिहिले गेले. त्यामागचा विचार साधा होता. जुन्या मुलाखतीत तीन-चार जणांचे मंडळ एका उमेदवाराशी वीस-पंचवीस मिनिटे बोलत असे आणि पहिल्या दोन मिनिटांत जे मत बनले तेच शेवटपर्यंत टिके. त्याऐवजी उमेदवाराला साधारण सहा ते दहा स्टेशनांवरून फिरवायचे, प्रत्येक ठिकाणी वेगळा परीक्षक, वेगळा विषय आणि पाच ते आठ मिनिटे. एका परीक्षकाला दुसऱ्याने किती गुण दिले हे ठाऊक नसते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज वगळता ब्रिटनमधल्या बहुतेक महाविद्यालयांनी याच धर्तीची पद्धत घेतली आहे. याचा मुलीच्या दृष्टीने अर्थ असा, की तिसरे स्टेशन फसले तरी चौथ्या दारामागे बसलेल्या माणसाला त्याचा पत्ता नसतो. फसलेले स्टेशन मनात घोळवत पुढच्या दारात शिरणारी मुले मी दरवर्षी पाहते, आणि एकाऐवजी दोन ठिकाणचे गुण त्यांच्या हातून जातात.

आता पाठांतराबद्दल. पाठ केलेले उत्तर ओळखायला फार हुशारी लागत नाही, कारण आमच्या हातातल्या कागदावर मुख्य प्रश्नाखाली पुढचे उपप्रश्न लिहिलेलेच असतात. सरावात सर्रास वापरला जाणारा एक प्रसंग घ्या. एका रुग्णाला अपस्माराचे निदान झाले आहे, त्याला गाडी चालवू नका असे सांगितले आहे आणि तरीही तो चालवतो आहे. तुम्ही काय कराल? तयारी केलेला मुलगा लगेच सांगतो, की गोपनीयता महत्त्वाची, पण लोकांच्या जिवाला धोका असेल तर ती मोडता येते, म्हणून मी डीव्हीएलएला, म्हणजे वाहन परवाना देणाऱ्या संस्थेला, कळवीन. उत्तर चुकीचे नाही, पण चाळीस सेकंदांत संपले. मग आम्ही विचारतो, ‘तो टॅक्सी चालवतो आणि घर त्यावरच चालते, आता?’ इथे पाठांतर संपते आणि मूल खरोखर विचार करते आहे की नाही ते दिसू लागते.

ज्याला चांगले गुण मिळतात तो आधी त्या माणसाकडे वळतो. त्याला आजाराचे गांभीर्य नीट समजले आहे का, रोजगार बुडण्याची भीती आहे का, त्याच्या परवानगीने पत्नीशी बोलता येईल का, असे तो विचारतो. परवाना देणाऱ्या संस्थेला कळवण्याची पहिली जबाबदारी परवानाधारकाची आहे, हे माहीत असेल तर सांगतो. माहीत नसेल तर ‘यासंबंधीचा नियम मी वरिष्ठांना विचारून घेईन’ असे सरळ म्हणतो. समजावूनही तो ऐकत नसेल तर डॉक्टर कळवू शकतो, पण तसे करणार असल्याचे त्या रुग्णाला शक्यतो आधी सांगूनच; डॉक्टरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलचे मार्गदर्शनही तसेच आहे. निष्कर्ष दोघांचा एकच असेल, परंतु दुसऱ्याने तिथवरची वाट बोलून दाखवली. आमचे गुण त्या वाटेला असतात.

त्यामुळे स्वायत्तता, रुग्णाचे हित, अपाय न करणे आणि न्याय ही चार तत्त्वे तिला ठाऊक असावीत, पण ती नावे घेऊन मोजून दाखवण्याची गरज नाही. ‘आता मी स्वायत्ततेकडे येते’ असे वाक्य ऐकले की माझा हात आपोआप घड्याळाकडे जातो.

सांगलीचा अनुभव अवश्य सांगावा. वशिला कोणालाही वाटणार नाही, इथली निम्मी मुले ओळखीतूनच अनुभव मिळवतात. प्रश्न इतकाच, की तिने तिथे पाहिले काय?

नाशिककर_लीड्स

ताई, मनापासून आभार. मुलीला हे वाचून दाखवले. तिने तिथे पाहिलेल्या दोन गोष्टी तिला सांगाव्याशा वाटतात, पण दोन्हींची धास्ती आहे. एक म्हणजे मामाने तिला ऑपरेशन थिएटरमध्ये उभे केले आणि पेशंटला कोणी विचारले होते की नाही, हे तिला आठवत नाही. दुसरी अशी, की एका साठीच्या बाईंना कर्करोगाचे निदान झाले, तेव्हा त्यांच्या मुलाने केबिनमध्ये येऊन मामाला हात जोडून सांगितले, ‘डॉक्टर, आईला काही सांगू नका, ती हाय खाईल.’ मामाने ते मान्य केले आणि बाईंना ‘गाठ आहे, काढून टाकू’ एवढेच सांगितले. इथे हे सांगितले तर मामाची बदनामी होईल का, असा तिला प्रश्न पडला आहे.

वॉर्ड_राउंड

ही दुसरी गोष्ट म्हणजे तिच्याकडे असलेला सर्वांत मोलाचा अनुभव आहे, आणि तुम्ही तो लपवायला निघाला होता!

मी सांगते तशी मांडणी तिने आपल्या शब्दांत करून पाहावी. आधी घडले ते थोडक्यात, गावाचे, हॉस्पिटलचे किंवा कोणाचेही नाव न घेता. मग त्या मुलाची बाजू: त्याला आईला फसवायचे नव्हते, वाचवायचे होते, आणि आपल्याकडे आजाराचा निर्णय बहुधा सारे घर मिळून घेते. मग त्या बाईंची बाजू: त्यांना खरोखर काहीच कळले नसेल का? नातेवाईक एकाएकी जमू लागले, मुले डोळ्यांना डोळे भिडवीनाशी झाली, तर कोणतीही बाई ओळखते. आणि ओळखूनही विचारता येत नाही, म्हणजे ती त्या भीतीत एकटी पडते. मग इथली रीत: निर्णय घेण्याची क्षमता असलेल्या रुग्णाला माहिती मिळण्याचा हक्क आहे, तो नातेवाइकांकडे जात नाही, पण काही माहिती नको असेल तर तसे म्हणण्याची मोकळीकही रुग्णालाच आहे. म्हणून इथला डॉक्टर त्या बाईंनाच विचारतो, ‘तपासणीत काय निघाले हे तुम्हाला किती सविस्तर ऐकायचे आहे, आणि ऐकताना कोण जवळ असलेले आवडेल?’ मुलाचे म्हणणेही त्यात मावते आणि बाईंचा हक्कही जात नाही.

याच्याशी जोडून तिने २०१५ चा माँटगोमेरी खटला वाचून ठेवावा. प्रसूतीच्या वेळी संभवणारा धोका मधुमेही आईला सांगितला गेला नव्हता आणि बाळाला कायमची इजा झाली. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले, की काय सांगायचे हे डॉक्टरांच्या सोयीने नव्हे, तर त्या रुग्णाला काय महत्त्वाचे वाटेल यावरून ठरते. खटल्याचे नाव मुलाखतीत फेकायचे नाही. तो समजला असेल तर बोलण्यात आपोआप उतरतो.

मामाला मात्र नावे ठेवू नयेत. ‘भारतात असेच चालते, इथे सगळे उत्तम’ असा सूर लावणारी मुले मला खटकतात, कारण इथेही रुग्णांचे न ऐकल्याची उदाहरणे कमी नाहीत. मिड स्टॅफर्डशायरच्या रुग्णालयातील हेळसांडीवरचा रॉबर्ट फ्रान्सिस यांचा अहवाल २०१३ चा आहे, आणि उपचारात चूक झाली तर रुग्णाला मोकळेपणाने सांगण्याचे कायदेशीर बंधन इंग्लंडमधल्या रुग्णालयांवर त्यानंतर, २०१४ मध्ये आले.

थिएटरबद्दल कोणी विचारलेच तर तिने ‘पेशंटची परवानगी घेतली होती का हे मला ठाऊक नाही, आणि आज मी तिथे असते तर आधी ते विचारले असते’ असे म्हणावे. तिने हातात काही धरले असेल, टाके घालताना मदत केली असेल, तर ते बढाईच्या सुरात येता कामा नये. सतरा वर्षांच्या मुलीने शस्त्रक्रियेला हात लावला, हे ऐकून इथला परीक्षक कौतुक करत नाही, त्याच्या कपाळावर आठी पडते.

दुसरे_वर्ष_एमबीसीएचबी

काका, मी इथल्याच एका विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे आणि दोन वर्षांपूर्वी याच चक्रातून गेलो. आधीच सांगतो, की मला विचारलेले प्रश्न मी सांगणार नाही. ते बाहेर सांगणार नाही असे आमच्याकडून लिहून घेतले होते. कोणी ‘यंदाचे खरे प्रश्न’ विकत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

दोन प्रकारच्या स्टेशनांची तयारी घरी फार चांगली होते, म्हणून तेवढ्याबद्दल लिहितो. पहिले आकडेमोडीचे. गणित सातवीचे असते, पण बहुधा कॅल्क्युलेटर नसतो आणि समोर कोणीतरी बसलेले असते. समजा, मुलाचे वजन १८ किलो आहे, औषध किलोमागे १५ मिलिग्रॅम द्यायचे आहे आणि पातळ औषधाच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम आहे. १८ गुणिले १५ म्हणजे २७० मिलिग्रॅम. २७० भागिले १२० म्हणजे सव्वादोन. सव्वादोन गुणिले ५ म्हणजे ११.२५ मिलिलिटर. हे तोंडाने, एकके उच्चारत करायचे. माझ्याबरोबर सराव करणाऱ्या एका मैत्रिणीचे उत्तर घाईत ११२.५ आले, पण ती तिथेच थांबली आणि म्हणाली, ‘औषधाची अख्खी बाटलीच १०० मिलिलिटरची असते, म्हणजे माझा दशांश चुकला आहे.’ प्रत्यक्ष मुलाखतीत असे झाले तर परीक्षकाला तेच ऐकायचे असते. रोज जेवणाआधी असे एक गणित घाला, पुरेसे आहे.

दुसरे रोल-प्लेचे. खोलीत एक अभिनेता किंवा अभिनेत्री असते आणि दारावरच्या कागदावर प्रसंग लिहिलेला असतो. सरावाच्या प्रत्येक यादीत सापडणारा प्रसंग असा, की तुमच्या गाडीखाली शेजारच्या आजींचे मांजर आले आणि तुम्हाला ते त्यांना सांगायचे आहे. आपली मुले इथे एकतर हवापाण्याच्या गप्पा मारत बसतात, किंवा ‘काळजी करू नका, मी नवीन मांजर आणून देतो’ म्हणतात. त्याऐवजी आत जाऊन आधी बसावे, ‘आजी, एक वाईट बातमी सांगायची आहे’ एवढी सूचना द्यावी, दुसऱ्या वाक्यात घडले ते स्पष्ट शब्दांत सांगावे आणि मग गप्प बसावे. ते गप्प बसणे जमत नाही. आजी रडतील, चिडतील, ‘हळू चालवता येत नव्हती का गाडी?’ म्हणतील, त्यावर लगेच सफाई देऊ नये. काका, तुम्ही परीक्षक व्हा आणि काकूंना आजी करा, त्यांना खरोखर भांडू द्या. माझ्या आईने सरावात मला इतके फैलावर घेतले होते, की प्रत्यक्ष मुलाखतीतली अभिनेत्री मला सौम्य वाटली.

सराव इंग्रजीतच करा. घरी मराठीत सुरेख बोलणारी मुले आयत्या वेळी इंग्रजीत सहानुभूतीचे शब्द शोधत बसतात. क्लासला मी गेलो नव्हतो. माझ्या शाळेतल्या जीवशास्त्राच्या बाईंनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दोन वेळा सराव-मुलाखत घेतली, तेवढ्यावर भागले.

रेडिंगची_आई

क्लासच्या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. आमचा मुलगा अतिशय मितभाषी. घरच्यांसमोर तो हसू लागे आणि शाळेत सरावाची सोय नव्हती. आम्ही एक दिवसाची सराव-मुलाखत फी भरून घेतली, आणि अनोळखी माणसासमोर बोलायची सवय एवढाच त्याचा उपयोग झाला, पण तो झाला. तिथे वाटलेली छापील उत्तरे मात्र आम्ही घरी येताच टाकून दिली. तुमची मुलगी बोलकी असेल तर पैसे वाचवा.

मला मुद्दाम लिहायचे आहे ते ‘डॉक्टर का?’ या प्रश्नाविषयी. आपल्या मुलांचे उत्तर ठरलेले असते: विज्ञानाची आवड आणि लोकांची सेवा, किंवा आजोबांचे आजारपण. त्यात गैर काही नाही, पण पुढचा प्रश्न येतो, ‘मग नर्स का नाही?’ यावर आमच्या मुलाने पहिल्या सरावात ‘डॉक्टर निर्णय घेतो आणि नर्स तो अमलात आणते’ असे सांगितले, आणि समोरच्या निवृत्त नर्सबाईंनी त्याला चांगलेच सुनावले. इथल्या नर्सेसपैकी कित्येकजणी औषधे लिहून देतात, स्वतःचे बाह्यरुग्ण विभाग चालवतात आणि चुकणाऱ्या डॉक्टरला थांबवतात. नंतर तो वृद्धाश्रमात शनिवारी जेवण भरवायला जाऊ लागला. तिथे एका आजोबांना घास गिळता येत नव्हता, ते आधी सफाईच्या बाईंच्या लक्षात आले, मग गिळण्याचे तंत्र तपासणाऱ्या स्पीच थेरपिस्ट आल्या आणि त्यांनी द्रव घट्ट करून द्यायला सांगितले. या सगळ्यात डॉक्टर कुठे होते, असे त्याने स्वतःच विचारले. निदान करणे, अनिश्चिततेत निर्णय घेणे आणि त्याची जबाबदारी वाहणे हे आपल्याला का हवे आहे, याचे उत्तर त्याला तिथून सापडले. तुमच्या मुलीने सांगलीत नर्सबाई काय करत होत्या ते पाहिले असेल, तर तेही विचारा.

वानवडीकर

एक छोटी दुरुस्ती. महाराष्ट्रात मुलाखत कोठेच नाही असे नाही. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे एएफएमसीत, नीटच्या गुणांवर निवडक मुलांना बोलावतात आणि मग इंग्रजी व तर्कबुद्धीची टीओईएलआर ही चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असे टप्पे असतात. तिथे मुख्य प्रश्न ‘डॉक्टर का?’ याच्याबरोबरीने ‘गणवेशातला डॉक्टर का?’ हा असतो, कारण शिक्षणानंतर सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेत नोकरी बंधनकारक आहे. प्रवेश मिळाला की बाँडचे पुढे बघू, असा विचार करून आलेली मुले तिथे चटकन उघडी पडतात. बाकी, पाठांतराबद्दल वर ताईंनी लिहिले आहे ते तिकडेही तंतोतंत लागू पडते.

नाशिककर_लीड्स

सर्वांचे आभार. क्लासचा विचार सोडला आहे आणि काल मांजराचा प्रसंग करून पाहिला. पत्नीने आजींची भूमिका इतकी रंगवली, की मुलगी मध्येच उठून पाणी प्यायला गेली. आता एकच शंका आहे. एनएचएसच्या सद्यःस्थितीवर, डॉक्टरांच्या संपावर किंवा प्रतीक्षायादीवर प्रश्न आला तर तिने स्वतःचे मत द्यावे, की दोन्ही बाजू सांगून थांबावे?

वॉर्ड_राउंड

मत द्यावे. दोन्ही बाजू सांगून कुंपणावर बसणाऱ्याला आम्ही हमखास विचारतो, ‘आणि तुम्हाला काय वाटते?’ कोणते मत आहे याला गुण नसतात, ते कशावर उभे आहे याला असतात.

त्यासाठी थोडी माहिती पक्की हवी. एनएचएस ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली आणि उपचाराच्या वेळी पैसे द्यावे लागू नयेत, हे तिचे मूळ सूत्र आहे. इंग्लंडमधली नियोजित उपचारांची प्रतीक्षायादी २०२२ पासून ७० लाखांच्या वर गेली. १०० पैकी ९२ रुग्णांचे उपचार १८ आठवड्यांत सुरू व्हावेत हे उद्दिष्ट कित्येक वर्षे गाठलेले नाही. ज्यांना पूर्वी ज्युनिअर डॉक्टर म्हणत त्यांना सप्टेंबर २०२४ पासून रेसिडेंट डॉक्टर म्हणतात; जुना शब्द वापरला म्हणून गुण जात नाहीत, पण नवा वापरला तर मूल बातम्या वाचते हे कळते. संपाविषयी बोलताना पगार आणि रुग्णाची गैरसोय एवढ्यावर न थांबता, संपाच्या दिवशी तातडीची सेवा कोण सांभाळते, हेही तिने बोलावे.

विचार करायला वेळ लागला तर ‘मला क्षणभर विचार करू द्या’ म्हणून दहा सेकंद गप्प बसायला हरकत नाही. मुलाखत ऑनलाइन असेल तर पडद्याच्या कडेला टिपणे चिकटवू नका. डोळे उजवीकडे वळून परत येतात ते समोर स्पष्ट दिसते. प्रत्यक्ष असेल तर ओळखपत्र आणि पत्रात मागितलेले कागद आदल्या रात्रीच पिशवीत टाका, लीड्सहून निघणाऱ्या पहिल्या गाडीवर विसंबू नका आणि शक्य असेल तर मुक्कामालाच जा.